नऊ किंवा एकोणीस

जळगावच्या एमआयडीसीत कुठल्याही गेटवर जा आणि मालकाला विचारा, माणसं किती? उत्तर ठरलेलं आहे. ‘नऊ.’ कारखाना जरा बरा चालत असेल, शेडला लागून दुसरी शेड उभी राहिली असेल, तर ‘एकोणीस.’ धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीतही हेच. छापखान्याच्या बिलांची वसुली करायला मी दोन्हीकडे फिरतो (वसुली म्हणजे चहा पिऊन परत येणं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना सांगायला नको), त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दहा आणि वीस हे आकडे आमच्या खानदेशातल्या उद्योगाला सोसतच नाहीत. चहाचे कप मोजले तर तेरा भरतात, मस्टरवर मात्र नऊ. वरचे चार कोण? एक भाचा, एक साडूचा मुलगा, एक ‘नुसता शिकायला येतो’ आणि एक ‘तो काय, आपला घरचाच’.

कारण उघड आहे. कारखान्यात दहावा माणूस आला की ईएसआयसी येते आणि विसावा आला की पीएफ. म्हणून दहावा माणूस कामावर येतो, पण कागदावर येत नाही.

या आठवड्यात या घरच्या माणसांपैकी एकाने मला पिडलं. म्हणजे त्याने नाही, त्याच्या शेठने. शेठचा चटईचा कारखाना आहे. प्लास्टिकच्या चटया हे जळगावचं मोठं काम, देशभर जातात. या शेठकडे लूमवर चौदा वर्षं काम करणारा एक कारागीर आहे, कुसुंब्याहून येतो. त्याला मोटारसायकलसाठी कर्ज हवं होतं. बँकेने तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या. आता पगार रोख, दरमहा अठरा हजार, आणि मस्टरवर हा गडी नाहीच. तो ‘घरचाच’ या सदरात मोडतो. शेठने मग लेटरहेडवर पत्र दिलं (लेटरहेड आमच्याकडचंच, त्याचे पैसे अजून यायचे आहेत), की सदर इसम माझ्या परिचयाचा असून वर्तनाने चांगला आहे. मॅनेजरने ते वाचलं आणि म्हणाला, शेठ, हा पोलीस पाटलाचा दाखला झाला, मला पगाराचा पाहिजे.

शेठ माझ्याकडे येऊन तासभर बँकेला शिव्या घालत बसला. ‘मी स्वतः सांगतो ना भो, माझा माणूस आहे म्हणून! मग कागद कशाला?’ आणि शेवटी छाती फुगवून म्हणाला, ‘गेली बँक उडत. मीच दिले त्याला चाळीस हजार. उचल म्हणून. आता बोल, घरच्यासारखं आहे की नाही?’

मला राग आला तो इथे. शेठ वाईट माणूस नाही. या कारागिराच्या मुलीच्या लग्नात सकाळपासून वाढायला उभा होता. पण चौदा वर्षं राबलेल्या माणसाला गावात कुठेही आपला पगार सिद्ध करता येत नाही. शेठकडे हात पसरल्याशिवाय त्याला गाडी घेता येत नाही, आणि घेतली की तो आणखी चाळीस हजारांनी शेठला बांधला जातो. एवढं करून शेठला वाटतं, आपण उपकार केला.

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो, कारण मार्चअखेर नुकताच झाला आहे आणि सगळ्यांचीच डोकी तापलेली आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, माणूस सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. मूळ पगार हजारात दाखवून बाकीचं भत्त्यांत कोंबायची जी आपली जुनी कला, तिला आता निम्म्याची मर्यादा आली. म्हणजे अठरा हजारांत मूळ पगार सहा हजार दाखवला असेल, तरी पीएफ आता नऊ हजारांवर धरायचा. बारा टक्क्यांनी 720 कापले जायचे तिथे 1,080. ईएसआयसीची वर्गणी कामगाराची पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन. अठरा हजारांवर 135 आणि 585 रुपये. एवढ्यात त्या कारागिराच्या अख्ख्या घराचा दवाखाना होतो. शेठ महिन्याला याहून जास्त पैसे पाहुण्यांच्या कचोरीवर घालवतो. मी मोजलेले नाहीत, पण कचोरी मीही खातो.

कागदाचं वावडं असतं असंही नाही. आमच्या छापखान्यात मस्टर, व्हाउचर पॅड, पगार पावत्यांची पुस्तकं छापायचं काम पूर्वी भरपूर असायचं. आता संगणकाने ते खाल्लं. तरी गेल्या वर्षी धुळ्याहून एक गिऱ्हाईक आलं, पगार पावत्यांची पुस्तकं हवी होती. म्हणाले, रक्कम आधीच छापून द्या. मी म्हटलं, सगळ्यांना सारखाच पगार आहे का? तर म्हणाले, नाही हो, किमान वेतनाचा आकडा छापायचा, खाली सहीची रेघ. हातात काय द्यायचं ते आमचं आम्ही बघतो. एवढ्या प्रामाणिकपणे बेइमानी सांगणारा माणूस क्वचित भेटतो, म्हणून मी चहा मागवला. मग म्हटलं, छापतो, पण तीन प्रतींत छापतो, कार्बन घालून, एक प्रत कामगाराला. ते दर विचारून गेले. आता धुळ्यात छापखाने कमी नाहीत, आणि पारोळ्यावरून पुन्हा इतक्या लांब यायचं त्यांना कारणही नाही.

पावती रीतसर असली तरी ती वाचतो कोण, हाही प्रश्नच. जिथे स्लिपा मिळतात तिथे सगळे फक्त शेवटची ओळ बघतात, हातात किती. वर्षातून एकदाच वरच्या ओळी वाचल्या जातात, मार्चच्या सुरुवातीला, फेब्रुवारीचा पगार हातात पडला की. कारण व्यवसाय कर. अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. सगळ्यांत तोकडा महिना आणि सगळ्यांत मोठी कपात! दर वर्षी कुणीतरी तावातावाने आमच्या टेबलावर स्लिप आपटतो, की शंभर रुपये कुणी खाल्ले? कुणीच नाही. राज्यघटनेने या कराला वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे. बारा वेळा 200 म्हणजे 2,400, उरलेले शंभर फेब्रुवारीच्या बोकांडी. बाईमाणसाला 25,000 पगारापर्यंत हा कर 2023 च्या एप्रिलपासून माफ आहे, तरी ओळखीच्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलीचे 200 अजून कापले जात होते, कारण हिशेबनीस जुनीच एक्सेलची शीट पुढे ओढत होता. तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘कॉम्प्युटरच कापतो, मी काय करू?’

आणि हे 200 रुपये आले कुठून? बहात्तरच्या दुष्काळातून. तेव्हा मी लहान होतो, पण दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. घरचे मोठे लोक रस्त्याची खडी फोडायला जायचे. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला पैसा लागणार होता. त्यासाठी 1975 साली महाराष्ट्राने हा व्यवसाय कर आणला. ज्यांच्या हाताला पगार आहे त्यांनी दोन पैसे द्यायचे, ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना सरकारने काम द्यायचं. कल्पना देखणी होती. स्लिपवर ‘पी. टी.’ एवढी दोन अक्षरं छापण्याऐवजी ‘बहात्तरचा दुष्काळ’ असं छापलं, तर निदान फेब्रुवारीतली भांडणं कमी होतील. छापून देतो, दर तोच.

तर उचल. छोट्या धंद्याचं खरं पगारपत्रक संगणकात नसतं, ते उचलीच्या वहीत असतं. शेठची वही मी पाहिलेली आहे, लाल कापडी बांधणीची, गल्ल्याच्या खालच्या खणातली. एका माणसाला एक पान. ‘500 पोळा.’ ‘1,200 दवाखाना.’ ‘3,000 पोरीची फी.’ ‘25,000 लग्न.’ मधे कुठेतरी ‘जमा 2,000’, तेही कधी पेनाने, कधी पेन्सिलीने. पान भरलं की ‘मागील बाकी’ लिहून पुढचं पान. सही कुठेच नाही. वही एकच, खणाला कुलूप आणि किल्ली शेठच्या जानव्याला. कामगाराला एवढंच ठाऊक, की अजून फिटली नाही. नवीन कायदा सांगतो की सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. पण निम्मं कशाचं हे ठरवायला आधी पगार कुठेतरी लिहिलेला पाहिजे ना! तो लिहिलेला नाही, लिहिलेली आहे ती फक्त उचल. त्यामुळे दिवाळीला 8.33 टक्के बोनस म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार द्यायची वेळ आली, की शेठ मोठ्या मनाने पाकीट हातात ठेवतो आणि म्हणतो, ‘घे. आणि उचलीचं दिवाळीनंतर बघू.’ त्या दोन वाक्यांमध्ये तो माणूस वर्षभर अडकून पडतो.

यापेक्षा आपली सालदारकी बरी म्हणायची. दगड मारू नका, सालदारकीत काय काय घडायचं ते मला माहीत आहे. बापाने घेतलेल्या उचलीपायी पोरगं साल भरत असे, हेही पाहिलेलं आहे. पण एक गोष्ट तिथे चोख होती. आखाजी ते आखाजी, साल ठरलेलं. अक्षय्य तृतीयेला आधी घागर भरायची, पितरांना आंब्याचा रस आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, सुना-लेकी झोक्यावर, गडीमाणसं झाडाखाली पत्त्यांत, आणि या सगळ्या गलबल्यात ओट्यावर चार माणसांदेखत सालदाराचा हिशेब व्हायचा. रोख किती, ज्वारी किती पायली, धोतर-सदरा, पायातला जोडा, खाडे किती धरले, उचल किती गेली. पटलं तर पुढचं साल, नाही पटलं तर राम राम, शेजारच्या ओट्यावर दुसरा मालक वाट बघत असायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आपला पगार, आपले खाडे आणि आपली बाकी तोंडपाठ असायची, कारण ती त्याच्या तोंडावर, पंचांच्या समोर मोजली जायची. चटईच्या कारखान्यात असा दिवसच नाही. तिथे आखाजीला फक्त सुट्टी असते, तीही बिनपगारी.

आता सालदारच मिळेनासे झाले, हा वेगळा रडगाण्याचा विषय. साल लाखाच्या पुढे गेलं. पूर्वी सालदार मालकाच्या ओट्यावर यायचा, आता मालक आखाजीच्या आठ दिवस आधीच त्याच्या दारात जाऊन बसतो. शिंदखेड्याकडे माझा चुलतभाऊ शेती करतो. कापूस, थोडी मिरची आणि पुष्कळ तक्रारी. गेल्या आखाजीला तो असाच जाऊन बसला होता. सालदार तरुण, बारावीपर्यंत शिकलेला. रोख ठरली, धान्य ठरलं, महिन्याला सुट्या किती ते ठरलं, नवरा-बायको दोघांनी कामं कोणती करायची तेही ठरलं. कपड्याला तो नको म्हणाला. कपड्याच्या जागी वर्षभराचा मोबाइलचा रिचार्ज मागितला. चुलतभावाने कुरकुरत मान्य केलं, वहीत सगळं एकाखाली एक लिहिलं, उचलीचे वीस हजार मोजून दिले आणि वही मिटायला गेला, तर तो पोरगा म्हणाला, ‘थांबा आप्पा.’ खिशातून मोबाइल काढला, वही सरळ धरायला सांगितली आणि पानाचा फोटो काढला. एक हलला म्हणून दुसरा काढला. मग तो आप्पांच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवला, ‘तुमच्याजवळ बी राहू द्या’ म्हणून.

चुलतभाऊ त्याच संध्याकाळी फोनवर माझ्यावर उखडला. सालदारावर चिडण्याची सोय राहिलेली नाही, म्हणून माझ्यावर. ‘रिचार्ज मी भरायचा, उचल मी द्यायची, आणि फोटोपण माझ्याच वहीचा!’ मी त्याला चटईवाल्या शेठचा नंबर दिला आहे. दोघांचं जमेल.