हरवलेल्या पार्सलची किंमत कोणी ठरवायची?



एकदाच नेसलेली पैठणी, मुलाने वर्षभर वापरलेली कॅमेऱ्याची लेन्स, घरातल्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे. कर्जत-खालापूरकडची माणसे हल्ली अशा वस्तूंचे फोटो फेसबुकवर नाहीतर इन्स्टाग्रामवर टाकतात आणि घरबसल्या विकतात. गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. भाव फोनवर ठरतो, पैसे यूपीआयने येतात. घोडे अडते ते पुढे. इथल्या कशेळ्याहून निघालेले पार्सल नागपुरात दारापर्यंत पोहोचेस्तोवर त्याची जोखीम कोणाची, हा प्रश्न वस्तू गहाळ होईपर्यंत कोणी विचारत नाही.

कुरिअरवाले आहेतच. पण त्यांचे जाळे कर्जत, नेरळ, खोपोली या बाजारपेठांभोवती दाट आणि आत विरळ. डोंगराच्या पायथ्याच्या एखाद्या ठाकूरवाडीत राहणाऱ्याला ‘नाक्यावर येऊन घेऊन जा’ असा फोन येतो, तोही रेंज असेल तर. अशा ठिकाणी ग्रामीण डाकसेवक पोहोचतो. पैठणी विकणारी बाई खेड्यातली असो वा घेणारी, दोन्ही टोके जोडणारे खाते पोस्टच. त्यामुळे पोस्टावरची तक्रार ही पोस्टाची हेटाळणी नव्हे. दुसरा पर्याय असता, तर पत्र लिहिण्याची गरजच पडली नसती.

आता भरपाईचे पाहा. स्पीड पोस्टाने पाठवलेली वस्तू हरवली किंवा फुटली, तर भरलेल्या टपाल खर्चाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. सहा हजारांची पैठणी शंभर रुपये भरून पाठवली असेल, तर हातात दोनशे रुपये. भरपाई वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही, तिकिटाच्या किमतीवरून ठरते. हा हिशेब पत्रापुरता ठीक होता. पार्सलाला तो लावणे म्हणजे प्रवाशाचे सामान चोरीला गेल्यावर त्याला तिकिटाचे पैसे परत देण्यासारखे आहे.

यामागचा कायदा इंग्रजांचा होता. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ६ ने हरवणे, चुकीच्या जागी जाणे, उशीर आणि नुकसान या सगळ्यांतून सरकारला मोकळे ठेवले होते. तो कायदा गेला आणि १८ जून २०२४ पासून ‘पोस्ट ऑफिस कायदा, २०२३’ लागू झाला. कलम ६ गेले, कलम १० आले. सुटका तशीच राहिली. नव्या कलमात एक फट मात्र आहे. नियमांत जेवढी जबाबदारी ठरवली जाईल तेवढी पोस्टावर राहील, असे ते म्हणते. म्हणजे भरपाई वाढवायला संसदेत जाण्याची गरज नाही. केंद्र सरकारने नियम बदलला की काम झाले. या पत्राची मुख्य मागणी तीच आहे.

खासगी कुरिअर अधिक सुरक्षित, अशी समजूत असेल तर पावतीची मागची बाजू वाचावी. मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटींना न्यायालय मान देते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कुरिअरची जबाबदारी १०० डॉलरपुरतीच धरली, कारण पाठवणाऱ्याने तशी अट असलेल्या कागदावर सही केली होती.

ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांचा, म्हणजे २०२० च्या नियमांचा, या सौद्याला उपयोग नाही. नियमित धंदा न करता वैयक्तिक विक्री करणाऱ्याला त्यांतून वगळले आहे. उरतो १९३० चा मालविक्री कायदा. तो सांगतो की माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सामान्यतः गिऱ्हाइकाला पोचता केल्यासारखाच; पण वस्तू पाहून वाहतूकदाराशी वाजवी करार विकणाऱ्याने केलेला असावा, नाहीतर गिऱ्हाईक नुकसान नाकारू शकते. चार रुपये वाचवायला महागडी वस्तू नोंद नसलेल्या टपालाने पाठवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

पोस्टाकडे उपाय नाहीत असेही नाही. पार्सलाचा विमा उतरवता येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांत आणखी पाच रुपये आणि जीएसटी भरला की ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हाती पडत नाही. तेवढ्याच पैशांत ते नेमक्या त्या माणसालाच देण्याची नोंद होते. २०२५ मध्येच रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, त्याची जागा या सोयीने घेतली. पण खिडकीवर काय होते? पार्सल काट्यावर ठेवले जाते, पिनकोड विचारला जातो, आत काय आहे हेही विचारले जाते, बारकोड चिकटतो, पावती हातात पडते. ‘किंमत किती? विमा हवा का?’ हा प्रश्न सहसा येत नाही. मागे रांग असते, आणि ज्याला ही सोय ठाऊकच नाही तो मागणार कशी?

कर्जतकरांची एक खास पंचाईत आहे. महाराष्ट्रात कर्जत दोन. रायगडचे ४१०२०१ आणि अहिल्यानगरचे ४१४४०२. पिनकोडात चूक झाली की पार्सल घाट ओलांडून भलत्या तालुक्यात उतरते. रायगड इंग्रजीत लिहिताना एक-दोन अक्षरे इकडची तिकडे झाली की छत्तीसगडचे रायगढ समोर येते. पत्त्यात तालुका, जिल्हा आणि फोन नंबर ठळक लिहायला काही खर्च येत नाही. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला दहा अक्षरांचा कोड देणारे डिजिपिन आणले आहे. घरनंबर नसलेल्या वाड्यांना त्याचा उपयोग होईल, पण पार्सल घेताना ते विचारले गेले तरच.

भरपाई वाढवली तर खोटे दावे येतील, हा आक्षेप रास्त आहे. दगड भरून पाठवायचा आणि लेन्स गेली म्हणायचे, असे महाभाग निघणारच. त्यासाठी भरपाई जाहीर केलेल्या किमतीला बांधा, किंमत जास्त तर हप्ता जास्त ठेवा, बिल किंवा फोटो मागा, आणि वजन पाठवताना घेता तसे देतानाही घ्या. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या प्रायॉरिटी मेलमध्ये १०० डॉलरचा विमा दरातच धरलेला असतो. ब्रिटनच्या रॉयल मेलची स्पेशल डिलिव्हरी ७५० पौंडांपर्यंत भरपाई देते. तिथेही लबाड आहेत. आपल्या पोस्टाने तर १८७७ पासून व्हीपी (व्हॅल्यू पेएबल) चालवली: आधी पैसे, मग वस्तू हातात, आणि ते पैसे पाठवणाऱ्याला. अनोळखी माणसांतला व्यवहार सांभाळायची कला पोस्टाला कोणी नव्याने शिकवायला नको.

टपाल खात्याने प्रत्येक पार्सलाला २००० रुपयांपर्यंतचे संरक्षण दरातच द्यावे, त्यावरच्या किमतीचा विमा खिडकीवर विचारण्याची सक्ती करावी आणि भरपाईच्या अटी मराठीत पावतीवर छापाव्यात. सुरुवात कर्जत, नेरळ, खालापूर आणि खोपोलीच्या पोस्टांतून करावी. तोवर वाचकांनी महागडी वस्तू पाठवताना ‘विमा उतरवा’ असे स्वतःहून सांगावे, आणि पावतीवर ती रक्कम आली आहे की नाही ते खिडकी सोडण्यापूर्वी पाहावे.

— एक वाचक, कर्जत (जि. रायगड)