कुलगुरूंचा वारसा व सरकारची थैली

विद्यापीठ थोर कुलगुरूंमुळे उभे राहते, की सरकारी द्रव्यामुळे? १९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठ निघाले व बॅरिस्टर जयकरांसारखा विद्वान पहिला कुलगुरू लाभला. परंतु गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा जुना वाडा सरकारनेच दिला. १९८९ साली आमच्या नाशकात मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले यांनी नोकरी-धंदा करणाऱ्यांस पदवीचा मार्ग खुला केला. त्यासही कायद्याचा आधार लागलाच. उलटपक्षी, १९८३ साली सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांस परवानगी दिली आणि खर्चाचे ओझे विद्यार्थ्याच्या बापाच्या शिरावर पडले.

राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावे, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या धोरणास तोच आकडा पुन्हा लिहावा लागला, यातच सर्व आले! द्वारकेवरील व्यापारी जाणतो की, पेढीस भांडवल हवे, तशी पतही हवी. अनुदान हे भांडवल, कुलगुरू ही पत. सरकारने पै-पैचा हिशेब अवश्य घ्यावा. मात्र विद्येवर हुकूम चालवू नये, आणि थैलीचे तोंडही आवळू नये. करदात्याने आपल्या प्रतिनिधीस हाच जाब विचारावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.