'फरक' लिहिताना फरक कळायला हवा



दिंडोशीतल्या आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील परवा अर्ज दाखवायला आले. दाखल्यावर मुलाचे नाव एका स्पेलिंगने, आधार कार्डावर दुसऱ्या. दुरुस्तीच्या अर्जात त्यांनी लिहिले होते, 'देअर इज डिस्क्रिमिनेशन इन माय सन्स नेम.' मोबाईलवर 'भेद' शोधला आणि पहिला आलेला शब्द उतरवला. त्यांना म्हणायचे होते की नोंदी जुळत नाहीत. अर्ज मात्र भेदभावाची तक्रार करत होता.

चूक त्यांची नाही, आपल्या शिकवण्याची आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न तर मुलं वर्षानुवर्षं सोडवतात. दोन रकाने आखायचे, मुद्दे भरायचे, गुण घ्यायचे! पण 'फरक' हा शब्द वापरून अख्खं वाक्य लिहायची वेळच येत नाही.

माझं मत असं, की इथे मराठीचाच आधार घ्यावा. मुलांना फरक, भेद, तफावत, विषमता यांतलं वेगळेपण घरूनच थोडंफार माहीत असतं. साधा फरक म्हणजे 'डिफरन्स', वजाबाकीचं उत्तरही तेच. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत विचाराने केलेला भेद म्हणजे 'डिस्टिंक्शन'. ज्या नोंदी जुळायला हव्यात त्या जुळत नाहीत, ती तफावत म्हणजे 'डिस्क्रेपन्सी'. दोन गटांच्या उत्पन्नात किंवा सोयींत असते ती विषमता म्हणजे 'डिस्पॅरिटी'.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. 'बस आणि मेट्रोत फरक' आणि 'भाड्यात फरक', मराठीत दोन्हीकडे 'त'च येतो. म्हणून मुलं दोन्हीकडे 'इन' लिहितात. इंग्रजीत मात्र 'डिफरन्स बिटवीन द बस अँड द मेट्रो', पण 'डिफरन्स इन द फेअर'. आकडा आला की 'अ डिफरन्स ऑफ टेन रुपीज'. 'बिटवीन'नंतर 'अँड' येतो, 'टू' नाही. आणि मराठीत फरक 'पडतो', म्हणून इंग्रजीत 'डिफरन्स फॉल्स' होत नाही. तिथे 'इट मेक्स अ डिफरन्स' असं म्हणतात.

काही सहकारी म्हणतात, "अर्थ कळला ना, मग झालं!" बोलताना हे चालतं, कारण समोरचा माणूस विचारून घेतो. लेखी अर्जाचं तसं नाही. तो वाचला जातो तेव्हा आपण तिथे नसतो.

म्हणून एकच सुचवते. फरकाचा तक्ता पूर्ण झाला की त्याखाली मुलांकडून 'डिफरन्स' वापरून दोन पूर्ण वाक्यं लिहून घ्या, एक 'बिटवीन'चं, एक 'इन'चं. पाच मिनिटांचं काम आहे. पालकांनीही घरी रेशन कार्ड, दाखला, आधार शेजारी ठेवून नाव-तारीख जुळते का, हे मुलांना तपासायला सांगावं. 'डिस्क्रेपन्सी' हा शब्द मग पाठ करावा लागणार नाही.

त्या वडिलांचा अर्ज आम्ही तिथेच बसून पुन्हा लिहिला. दुसरीतला मुलगा शेजारी उभा राहून स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगत होता.