रजिस्ट्रीत नसलेली नदी

मोंगरा बॅरेजमधून किती क्युसेक पाणी सोडले आणि महमरा अ‍ॅनिकटवरून किती पाणी वाहते आहे, हे ऐन पावसाळ्यात छत्तीसगडच्या दुर्ग-भिलाईत कुणालाही विचारावे. चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही सांगेल. शिवनाथ नदी गडचिरोलीला लागून असलेल्या डोंगराळ भागातून निघते आणि राजनांदगाव, दुर्ग करत पुढे महानदीला मिळते. वरची बॅरेजेस भरली की दरवाजे उघडतात आणि दुर्गच्या काठावर पाणी चढू लागते. ही खबर वर्तमानपत्रात येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, दवंडीनेही दिली जाते. ती फक्त एका कागदावर येत नाही. आयुष्यभराची पुंजी लावून माणूस ज्यावर सही करतो, त्या खरेदीच्या रजिस्ट्रीवर.

घर पुरात बुडाले की आपण पावसाला बोल लावतो, फार तर नालेसफाईच्या ठेकेदाराला. पाऊस झाला नसता तर घर बुडाले नसते, हे खरेच. पण ती जमीन बुडते हे विकणाऱ्याला ठाऊक होते, पटवाऱ्याला ठाऊक होते, जलसंपदा खात्याच्या नकाशाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते घेणाऱ्याला. आमचा आक्षेप या अज्ञानावर आहे. ते आपोआप आलेले नाही, व्यवहाराची रचनाच तशी ठेवलेली आहे.

भिलाईचे उदाहरण यासाठी बोलके आहे. हे शहर सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने वसवले. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि भोवती आखीव सेक्टर, रुंद रस्ते, गटारे, झाडे असलेली टाउनशिप उभी राहिली. देशभरातून माणसे आली, त्यात मराठी कुटुंबेही होती. तीस-पस्तीस वर्षे कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला पाणी कुठे तुंबते याचा विचार कधी करावाच लागत नाही, तो टाउनशिपच्या इंजिनिअरने केलेला असतो. निवृत्ती जवळ आली की मात्र क्वार्टर सोडायचे असते. हातात ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम येते, आणि साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस जमिनीच्या बाजारात पहिल्यांदा उतरतो. तिथे त्याला भेटतो तो कॉलोनायझर. उन्हाळ्यात दाखवलेले शेत, मुरूम टाकून केलेला रस्ता, चुन्याने आखलेले प्लॉट आणि ‘डायव्हर्शन होऊन जाईल’, म्हणजे शेतजमीन बिगरशेती होईल, हे आश्वासन. त्या शेतात कालपर्यंत धान होत होते. छत्तीसगडमध्ये धानाचे शेत म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठी बांध घातलेली जमीन, हे सांगायची गरज विकणाऱ्याला कशाला वाटेल?

या बेकायदा प्लॉटिंगला राज्यकर्त्यांनी हात दिला आणि मग आखडताही घेतला. पाच डिसमिलपेक्षा, म्हणजे साधारण २,१७८ चौरस फुटांपेक्षा, लहान तुकड्यांच्या नोंदणीची वाट २०१९ मध्ये मोकळी झाली. गरिबाला प्लॉट मिळावा, हा त्यामागचा युक्तिवाद होता. जुलै २०२५ मध्ये विधानसभेने भू-राजस्व संहितेत दुरुस्ती करून शेतजमिनीच्या अशा तुकड्यांच्या नोंदणीला पुन्हा बंदी घातली. बंदीचे स्वागत करावे, पण तिच्याकडून फार आशा ठेवू नये. पाणी प्लॉटचे क्षेत्रफळ मोजत नाही. दहा डिसमिलचा, रीतसर डायव्हर्शन झालेला, बँकेने कर्ज दिलेला प्लॉटही नाल्याच्या पात्रात असू शकतो.

महाराष्ट्राने यावर शहाणपण शिकवायला जाऊ नये. इथे नद्यांच्या पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. कागदावर व्यवस्था चोख आहे. आणि तरीही पिंपरी-चिंचवडमध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बंगल्यांची वसाहत उभी राहिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. निकाल योग्यच होता, नदीचे पात्र नदीला परत मिळालेच पाहिजे. प्रश्न असा की त्या जमिनीची खरेदीखते नोंदवली गेली तेव्हा मुद्रांक शुल्क घेणारा हातही सरकारचाच होता. पहिल्या बंगल्याचा पाया खणला गेला तेव्हा बीट निरीक्षक कुठे होता? बुलडोझर आला तो साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या दारात.

त्याच्या आधीच्याच वर्षी, २५ जुलै २०२४ रोजी, खडकवासल्यातून सोडलेला पस्तीस हजार क्युसेकचा विसर्ग पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरला आणि लष्कर बोलवावे लागले. तिथे राहणारी माणसे झोपडपट्टीतली नव्हती. हप्ते भरणारी, सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडणारी मध्यमवर्गीय माणसे होती.

आणि नागपूर? मुंबई-हावडा मार्गावर भिलाईपासून रेल्वेने चारेक तासांवर असलेल्या या शहरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लगतच्या ले-आउटमध्ये शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट ही काही उपऱ्या वस्तीची नावे नव्हेत, जुन्या नागपूरकरांच्या प्रतिष्ठेचे ते पत्ते आहेत. सरकारने घरटी दहा हजार आणि दुकानाला पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली.

दहा हजारांत काय होते, ते पूर ओसरल्यावर कुठल्याही तळमजल्यात जाऊन पाहावे. आधी गाळ ओढायचा, आणि तो नुसता चिखल नसतो, संडासातून उलटे आलेले मैलापाणी त्यात असते. प्लायवूडचे पलंग आणि कपाटे फुगून दारे अडकतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर, इन्व्हर्टरची बॅटरी, जमिनीखालच्या टाकीवरची मोटर, विजेचा बोर्ड सगळे जाते. तलाठी येतो, भिंतीवरची पाण्याची खूण पाहतो, मोबाइलवर फोटो काढतो. केंद्राच्या २०२२ नंतरच्या निकषांत सपाट प्रदेशातले घर पूर्ण पडले तर एक लाख वीस हजार, पक्के घर अंशतः पडले तर साडेसहा हजार, कपड्यांना अडीच हजार, भांड्यांना अडीच हजार. पडले तर! सिमेंट-काँक्रीटचे घर पुरात पडत नाही. ते उभे राहते आणि आतून सडते. पुढचे दोन पावसाळे भिंती ओल सोडत नाहीत, रंगाचे पापुद्रे सुटतात, भाडेकरू खोली सोडून जातो. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातो.

इथे गुंतवणूकदाराचाही विचार करायला हवा, आणि तो सरसकट सहानुभूतीने करता येत नाही. मुलीच्या लग्नासाठी एक प्लॉट घेऊन ठेवणारा शिक्षकही गुंतवणूकदार, आणि पूर्ण ले-आउट नजरेखालून घालून वीस प्लॉट अडकवणारा सराफही गुंतवणूकदार. पुरानंतर या दोघांची वाट वेगळी होते. जाणता माणूस पहिल्या पुरानंतर चुना मारून, टाइल्स बदलून माल विकून मोकळा होतो. भाव थोडे दिवस पडतात, दोन कोरडी वर्षे गेली की पूर्ववत होतात आणि बाहेरगावचे नवे गिऱ्हाईक येते. नुकसान नाहीसे होत नाही, ते ज्याला काही माहीत नाही त्याच्या नावावर चढते. शिक्षकाचा प्लॉट तसाच पडून राहतो.

कायद्याकडे जावे तर तिथेही फट आहे. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार जमिनीच्या मालकीहक्कात दोष निघाला तर विकसकाला भरपाई द्यावी लागते, त्या दाव्याला मुदतीचेही बंधन नाही. कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला तर तो विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. पण मालकी स्वच्छ आहे, बांधकाम भक्कम आहे आणि दर चार वर्षांनी तळमजल्यात कमरेएवढे पाणी येते, हा दोष कुठल्या कलमात बसवायचा? बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च घेतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते सगळे त्यात असते. पाणी कुठून कुठवर आले ते त्यात सहसा नसते.

विम्याचे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच फोल नाही. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर येतो आणि घरातल्या सामानालाही मर्यादेपर्यंत संरक्षण मिळते. पण कर्ज घेताना बँकेच्या टेबलावर ज्याच्यावर सही होते तो बहुधा कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो, घराचा नव्हे, आणि हा फरक पुरानंतरच कळतो. शिवाय विमा बांधकामाचा खर्च देतो, जमिनीचा पडलेला भाव देत नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये ‘फ्लड री’ ही योजना आणली. पूरप्रवण घरांचा विमा परवडावा म्हणून सगळ्या विमाधारकांनी थोडा भार उचलायचा. मात्र १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना त्यातून वगळले. जाणूनबुजून नव्याने पाण्यात घर बांधणाऱ्याचा भार इतरांनी का उचलावा, हे त्यामागचे कारण. हा कठोरपणा त्यांना शोभतो, कारण तिथे कुणीही आपल्या पत्त्यावरचा पुराचा धोका फुकट पाहू शकतो. आपण आधी नकाशा दाखवायचा नाही आणि नंतर ‘तुम्ही घेतलेच का’ म्हणायचे, हे चालणार नाही.

नकाशा का दाखवला जात नाही, याचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. रेषा उघड झाली की भाव पडतो. यात बिल्डरच नव्हे, घरमालकही आडवे येतात, कारण ज्याचे घर आधीच आत आहे त्याला ती रेषा म्हणजे आपल्या मालमत्तेवरचा बट्टा वाटते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, मान्य करण्यासारखा नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन वर्षांच्या अंतराने! त्यामुळे जुन्या रेषाही आता थिट्या पडल्या आहेत. सांगलीचे शामरावनगर गुंठेवारीने वाढले आणि पावसाळ्यात पाण्यात उभे असते. त्यावर महाराष्ट्राने उपाय काय केला, तर २०२१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. नियमित झाल्याने कागद कोरडे होतात, घरे नाही.

करायचे आहे ते साधे आहे. पुराची रेषा सातबाऱ्यावर, आणि छत्तीसगडमध्ये खसरा व बी-वनवर, इतर हक्कांच्या नोंदीसारखी चढवावी. गेल्या वीस वर्षांत इथे पाणी आले का, याचे उत्तर विकणाऱ्याने खरेदीखतात लेखी द्यावे. ते खोटे ठरले तर पैसे व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्याची. ज्याने अशा जागी परवानगी दिली त्या अधिकाऱ्याचे नावही त्याच कागदावर असावे. दुर्गच्या प्रशासनाकडे शिवनाथच्या जुन्या पुरांचे पंचनामे आहेत, कुठल्या गावात होडी न्यावी लागली याच्या नोंदी आहेत. राज्याच्या जमीन नोंदींच्या ‘भुइयां’ पोर्टलवर प्रत्येक खसऱ्याचा नकाशा आहे. दोन्ही एकावर एक ठेवून बुडणाऱ्या खसऱ्यांची यादी काढायला नवा कायदा लागत नाही, विधानसभेचे अधिवेशन लागत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी ती यादी उपपंजीयकाच्या कचेरीबाहेर, स्टॅम्प व्हेंडर टेबल टाकून बसतात तिथेच, मोठ्या अक्षरांत लावावी.