वायमॅक्सचा ताळेबंद

तालुक्याच्या गावातील एखाद्या घाऊक पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. महिन्याची २० तारीख आहे. जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे राहिले आहे. दाराशी माल भरलेला ट्रक उभा आहे, आणि ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा तो माल ई-वे बिलाशिवाय परराज्यात पाठविता येत नाही. नेमक्या त्याच दिवशी रस्ता खोदणाऱ्या यंत्राने जमिनीखालील केबल तोडलेली असते. मोबाईलच्या आधारावर एखादे बिल कसेबसे निघते. परंतु चार संगणकांचा कारभार त्यावर चालत नाही.

अशा वेळी कोणीतरी सुचवितो, “शेठजी, गच्चीवर एक लहानसा अँटेना बसवा, तारेची कटकटच नको.” मुलगा लगेच तयार होतो, वडील मात्र “अगोदर चौकशी करू” म्हणतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. दूर पल्ल्याचे बिनतारी ब्रॉडबँड ही उपयोगाची वस्तू आहे. पण तिच्या इतिहासात एक मोठे बुडीत खातेही आहे. ते नजरेखालून घातल्यास निर्णय सोपा होईल.

त्या खात्याचे नाव वायमॅक्स. ‘वर्ल्डवाइड इंटरऑपरेबिलिटी फॉर मायक्रोवेव्ह अ‍ॅक्सेस’ या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप. वेगवेगळ्या कारखानदारांची यंत्रे एकमेकांशी जुळावीत, या हेतूने २००१ साली वायमॅक्स फोरम ही संस्था स्थापन झाली. २००४ साली एका जागी स्थिर असलेल्या ग्राहकांसाठी, तर २००५ साली फिरत्या ग्राहकांसाठी त्याचे तांत्रिक मानक निश्चित झाले. कल्पना मोठी आकर्षक होती. घराघरापर्यंत तार नेण्यासाठी रस्ते खोदावयाचे, परवानग्या मिळवावयाच्या, मजुरी मोजावयाची. त्याऐवजी एक मनोरा उभारावा आणि पंचक्रोशीला इंटरनेट पुरवावे. इंटेलसारखी बलाढ्य कंपनी पाठीशी होती. ५० किलोमीटरचा पल्ला आणि सेकंदाला ७० मेगाबिटचा वेग, असे आकडे जाहिरातींतून झळकत होते.

या आकड्यांतच पहिली मेख होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी शक्य होते, पण एकाच वेळी नव्हे. ग्राहक मनोऱ्यापासून जसजसा दूर जातो, तसतशा लहरी क्षीण होतात आणि वेग घटतो. शिवाय मनोऱ्याची एकूण क्षमता त्याच्या छायेतील सर्व ग्राहकांत वाटली जाते. गोदामात १०० पोती आहेत, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला १०० पोती मिळतील, असे कोणी मानीत नाही. येथे मात्र अनेकांनी तसे मानले.

दुसरे कारण निव्वळ व्यापारी होते. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे एलटीई या प्रतिस्पर्धी तंत्राची सेवा सुरू झाली. तंत्रदृष्ट्या दोहोंत फार मोठे अंतर नव्हते. लहरींचा उपयोग करण्याची त्यांची मूळ पद्धत बरीचशी सारखी होती. परंतु जगभरच्या बहुसंख्य मोबाईल कंपन्यांनी पुढचा टप्पा म्हणून एलटीई स्वीकारले. ज्या मालाला गिऱ्हाईक अधिक, त्याचे उत्पादन अधिक. आणि ज्याचे उत्पादन अधिक, त्याची किंमत कमी. वायमॅक्सचे हँडसेट आणि सुटे भाग महाग राहिले व पुढे दुर्मीळ झाले. अमेरिकेत २००८ साली बाल्टिमोर शहरातून ही सेवा सुरू करणाऱ्या स्प्रिंट कंपनीने २०१६ पर्यंत ती गुंडाळली. तिच्यावर विसंबलेल्या शाळांना आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सेवा देणाऱ्या संस्थांना काही दिवसांची मुदत मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले.

भारतातील कथा अधिक बोधप्रद आहे. ११ जून २०१० रोजी ब्रॉडबँड लहरींचा लिलाव संपला. संपूर्ण देशासाठी एका भागाची किंमत सुमारे १२,८४८ कोटी रुपये ठरली. इन्फोटेल ही त्या वेळी फारशी कोणाला ठाऊक नसलेली एकच कंपनी २२ ही परिमंडळांत विजयी झाली, आणि रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचा ९५ टक्के हिस्सा घेण्याचे लगोलग जाहीर केले. या लहरींवर वायमॅक्स चालेल, अशी अनेकांची अटकळ होती. बीएसएनएलने तर लिलावापूर्वीच मिळालेल्या लहरींवर वायमॅक्सची उभारणी आरंभली होती. पुढे काही परिमंडळांतील त्या लहरी तिला सरकारला परत कराव्या लागल्या.

मात्र लिलावाच्या अटींत विशिष्ट तंत्राची सक्ती नव्हती. ज्यांनी थांबून, बाजाराचा कल पाहून एलटीई निवडले, त्यांची भांडवली गुंतवणूक शाबूत राहिली. एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात याच जातीच्या लहरींवर फोर-जी सेवा सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरले. लहरींचा परवाना २० वर्षांचा होता, यंत्राचे आयुष्य त्याच्या निम्मेही नव्हते. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूस दोन्ही रकमा शेजारी शेजारी लिहिल्या जातात. पण एक जमिनीसारखी आहे आणि दुसरी तिच्यावर उभ्या केलेल्या मांडवासारखी. हा भेद ज्याने ओळखला, तो तरला.

वायमॅक्स संपले, तरी मूळ कल्पना संपली नाही. २०२३ साली एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी ‘एअरफायबर’ या नावाने गच्चीवरील अथवा खिडकीतील यंत्राद्वारे फाइव्ह-जीवर घरगुती ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. वीस वर्षांपूर्वी जे वचन दिले गेले, ते आता मोबाईलच्याच मनोऱ्यांवरून पुरे होऊ लागले आहे. तथापि लहरींचे नियम बदललेले नाहीत. अंतर, आड येणारी इमारत आणि वाटेकऱ्यांची संख्या या तिन्ही गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत.

म्हणून पेढीसाठी अशी जोडणी घेताना काही प्रश्न विचारून घ्यावेत. मनोरा आपल्या गच्चीवरून दिसतो काय, आणि मध्ये नवे बांधकाम उभे राहण्याचा संभव आहे काय? वेगाची चाचणी सकाळी नव्हे, तर संध्याकाळी आठ-नऊच्या गर्दीच्या वेळी घेता येईल काय? ठराविक वापरानंतर वेग किती उतरतो? यंत्र कोणाच्या मालकीचे, आणि सेवा बंद झाल्यास ते दुसऱ्या कंपनीकडे चालेल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर यंत्रापोटी मोठी रक्कम आगाऊ गुंतवू नये. मासिक भाडे थोडे अधिक पडले तरी चालेल.

ज्या गावात फायबर पोहोचली आहे, तेथे मुख्य आधार फायबरचा आणि जोडीला बिनतारी जोडणी, ही मांडणी सोयीची ठरते. रस्ता खोदणाऱ्या यंत्राला हवेतील लहरी तोडता येत नाहीत, आणि मनोऱ्यावरील गर्दी फायबरला बाधत नाही. मात्र फायबर आणि मनोरा दोन्हींची वाट एकाच कंपनीकडून, एकाच खांबावरून येत असेल, तर ती दुहेरी सोय नव्हे, एकाच सोयीचे दुहेरी बिल होय.

मुलाचा उत्साह आणि वडिलांची चौकशी यांत अशा रीतीने विरोध उरत नाही. नवे घ्यावे, पण मांडव किती दिवसांचा आणि जमीन कोणाची, हे पाहून घ्यावे.