तोडणीच्या दिवसांतला वार्षिकोत्सव

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात शाळेचं आणि शेताचं वेळापत्रक नेमकं एकाच दिवसांवर येऊन आदळतं. शाळेची अर्धवार्षिक परीक्षा नुकतीच आटोपलेली असते. मग खेळांच्या स्पर्धा, आनंद मेळा, वार्षिकोत्सव आणि 25 तारखेच्या सुट्टीआधीचा क्रिसमसचा कार्यक्रम, सगळं एका दमात उरकून घ्यायचं असतं. शेतात अंबिया बहाराच्या संत्र्याची शेवटची तोड चाललेली असते. कापसाचा वेचा उभा असतो. गव्हाला पेरणीपासून 21 दिवस होत आले, म्हणजे मुकुटमुळं फुटायची वेळ, तेव्हा पहिलं ओलीत चुकवून चालत नाही. आणि त्याच दिवसांत संत्र्याच्या झाडांचं पाणी मात्र तोडायचं असतं, कारण आता ताण बसला तरच जानेवारीअखेर नवा बहार फुटेल. एका धुऱ्याच्या अलीकडे पाणी द्यायचं, पलीकडे बंद ठेवायचं. ओलिताची लाइन बहुधा रात्री येते. घरातला पुरुष रात्री ओलिताला गेला की सकाळी व्यापाऱ्याच्या माणसांना चहा देणं, कॅरेट मोजून घेणं आणि पोरांना शाळेच्या गाडीत बसवणं हे सगळं बाईच्या वाट्याला येतं. आमच्या घरी ते माझ्या वाट्याला आहे, आणि गावातल्या बहुतेक घरी असंच आहे.

शाळेचा निरोप मोबाइलवर येतो, तोही रात्री जेवणं झाल्यावर. उद्या पांढरा सदरा, परवा लाल टोपी, शुक्रवारी घरून एक पदार्थ. "मम्मी, मले सांताची टोपी पाहिजे, उद्याच," असं धाकटा झोपेत जाता जाता सांगतो. लाल कापड घरात असलं तर ठीक. नसलं तर सासूबाई जुन्या दुलईची खोळ उसवतात, कापूस घरचाच असतो, आणि रात्री अकराला मशीन चालू होते. पोरगं सकाळी टोपी घालून आरशासमोर उभं राहिलं की झोपमोडीचं काही वाटत नाही, हे खरं. पण तीच टोपी आठ दिवस आधी सांगितली असती तर दुपारी निवांत शिवून झाली असती, हेही तितकंच खरं.

टोपीसोबत आता एक कागदही येतो. 2023 साली आमच्याच राज्यातल्या शाजापूर जिल्ह्यात शिक्षण कार्यालयाने आदेश काढला होता की मुलांना सांताक्लॉजचा पोशाख घालायला लावण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. तसा कागद आमच्याही हाती आला. मी आनंदाने सही केली. आईला विचारून करा, याला माझी हरकत असायचं कारण नाही. मला वाटतं ते एवढंच की विचारायचंच आहे तर कार्यक्रमाची तारीख आणि वेळसुद्धा विचारा.

नाताळ आमच्याकडे काही परवा आलेला नाही. छिंदवाड्यात स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच काम सुरू केलं, आणि मध्य प्रदेशातल्या लुथरन चर्चचं मुख्यालय आजही तिथेच आहे. खाली नागपुरात तर मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1840च्या दशकात येऊन राहिले. नागपूरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात, अगदी आपल्या दिवाळीसारख्या. शाळेतल्या फलकावर मात्र बर्फ, हरिण आणि तीन मजली केक असतो. मुलांना वाटतं, नाताळ म्हणजे दुकानातला केक. म्हणून मी केक घरी करते, आणि आमच्याच संत्र्याचा करते.

तोडलेली संत्री निवडताना बारका माल निघतो, जो व्यापारी कॅरेटात घेत नाही. चवीला तो कुठेच कमी नसतो. आधी सालीचा किस काढायचा. आपल्या संत्र्याची साल सैल, किसणी जोरात फिरवली की साल फाटते आणि खालचा पांढरा भाग येतो, तो कडू. हलक्या हाताने फक्त केशरी थर घ्यायचा. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, एक वाटी गाळलेला रस, चहाचा एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि तो किस. ओव्हन आमच्याकडे नाही. जुन्या कुकरच्या झाकणाची रिंग आणि शिटी काढायची, तळाला दोन बोटं कोरडी वाळू पसरायची, वर ताटली ठेवायची आणि कुकर आधी चांगला तापू द्यायचा. मग तेल लावलेला डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. मध्ये झाकण उघडायचं नाही, पोरं कितीही मागे लागली तरी. विणायची सुई खुपसली आणि कोरडी निघाली की झालं. घरभर संत्र्याचा वास सुटतो. ओसरीत बसलेले सासरे दोनदा आत डोकावून जातात.

शाळेच्या मेळ्यात हा केक ताटभर गेला आणि ताट रिकामं आलं. पण त्याच आठवड्यात मी दुसरंही एक भाजते, आणि मला त्याचं मोल जास्त आहे. तोड संपली की शेतात रोडगे होतात. गव्हाची जाडसर कणीक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. घट्ट मळायची. छोट्या पाऱ्या एकावर एक ठेवून गोळा वळायचा, म्हणजे आतून पदर सुटतात. गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर जाऊ द्यायचा, लाल निखारा झाला की गोळे त्यात पुरायचे आणि काडीने उलटत राहायचं. वरची साल काळपट टणक झाली, फट पडली, की काढून फडक्यात घालून झटकायचे. राख उडून जाते. मग मुठीने फोडायचे, तूप सोडायचं, सोबत पातळ वरण आणि नव्या तुरीचे सोले घातलेली वांग्याची झणझणीत भाजी. पहिला रोडगा मारुतीला. मग तोडणीची माणसं, वेचणीच्या बाया, त्यांची पोरं, सगळी एका पंगतीला. मुलांच्या बाईंना मी सांगितलं आहे की पुढल्या मेळ्यात मी रोडगे आणणार. स्वयंपाकघरात भट्टी नसलेल्या गावातही भाजण्याची विद्या आहे, हे पोरांना शाळेतच कळायला हवं.

वेचणीच्या बायांचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगते. कापसाची वेचणी किलोवर असते. जितका कापूस वेचला तितकी मजुरी. सकाळी दव उतरलं की फड सुरू होतो आणि दुपारचे दोन-तीन तास हे खऱ्या कमाईचे असतात. वार्षिकोत्सव असतो नेमका त्याच वेळी. गेल्या वर्षी आमच्या शेतात वेचायला येणारी एक बाई मला म्हणाली, "काकू, पोरगी नाचात हाये म्हणते. मी येऊ तं मजुरी जाते, नाही येऊ तं पोरगी रुसते. काय करू व?" मी तिला जा म्हटलं, दिवसाची मजुरी दिली. ती ओटीत कापूस तसाच बांधलेला घेऊन धावत गेली. शाळेत पोहोचली तेव्हा लेकीचा नाच होऊन गेला होता. क्रमवारी कुणी सांगितलीच नव्हती. मंडपाच्या दारात ती ज्या चेहऱ्याने उभी होती तो मी विसरू शकत नाही.

हे एकीचंच नाही. आमचा भाग 1956च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी, मंचावर इंग्रजी गाणं, यातून आमची लेकरं वाट काढतातच. त्यांच्या आयांनी ते डोळ्यांनी पाहावं, एवढी सोय शाळेला करता यावी. शहरातल्या शाळांचं डिसेंबरचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं उचलून चालत नाही, कारण इथल्या आईचा डिसेंबर शेतात जातो.

या वर्षीच्या पालकसभेत मी उभी राहिले आणि मागणं मांडलं. कार्यक्रमाची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधी कळवा. कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर ठेवा, थंडी असली तरी चालेल, आया शाल पांघरून बसतील. कोणाचा नाच कितव्या क्रमांकावर आहे तो कागद आदल्या दिवशी शाळेच्या फाटकावर लावा. पोशाख घरच्या लुगड्या-धोतरातून होतील असे निवडा, भाड्याचे नकोत. मागच्या बाकांवरून बऱ्याच जणी हो म्हणाल्या, एरवी सभेत न बोलणाऱ्याही. वेळ संध्याकाळची करायचं मुख्याध्यापकांनी मान्य केलं आहे. क्रमवारीच्या कागदाचं पाहू म्हणाले आहेत. सोमवारी पोरांना सोडायला जाईन तेव्हा मी पुन्हा विचारणार आहे.