गोभक्तीची कसोटी गोठ्यात

वसुबारसेला सवत्स धेनूचे पूजन करणारे आपण, गाभडलेल्या गाईच्या गोठ्यात मात्र सहसा डोकावत नाही. अकोल्याच्या डांगी गाईपासून राहुरीच्या कृषी विद्यापीठात सिद्ध झालेल्या ‘फुले त्रिवेणी’पर्यंत गोधनाचे वैभव मिरविणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याने तरी या विषयाकडे पाठ फिरवू नये. ब्रुसेला हा जंतू गाईचा गर्भ पाडतो; उघड्या हातांनी वार ओढणाऱ्या आणि कच्चे दूध पिणाऱ्या गोपालकालाही पुनःपुन्हा उलटणाऱ्या तापाने व सांधेदुखीने जर्जर करतो.

यावर लस आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना ती आयुष्यात एकदाच टोचावयाची असते. तथापि, जंतूंच्या जनुकांत हात घालणे हा निसर्गद्रोह आहे, असा गळा काढणारी मंडळी आपल्यातही आहेत. त्यांना विचारावेसे वाटते, ही प्रचलित ‘एस-१९’ लस म्हणजे तरी काय? १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून मिळालेला रोगजंतू प्रयोगशाळेत वर्षभराहून अधिक काळ तसाच पडून राहिला आणि आपोआप पालटून सौम्य झाला. तोच हा उत्परिवर्तित वाण! योगायोगाने घडले ते पवित्र आणि विचारपूर्वक केले ते पाप, हा कोठला न्याय?

या लशीत एक उणीव आहे. तिच्यामुळे रक्तात निर्माण होणारी प्रतिद्रव्ये चाचणीत रोगी जनावरासारखीच दिसू शकतात; मग लस घेतलेली गाय कोणती आणि बाधित कोणती, हे कळावे कसे? इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी याच वाणातील, जंतूच्या बाह्य आवरणाच्या घडणीस लागणारे एक जनुक काढून टाकले आणि हा भेद ओळखण्याची वाट मोकळी केली. हे स्वदेशी कर्तृत्व नव्हे काय?

धोका नाही, असे कोणी म्हणणार नाही. जिवंत लशीची सुई हाताला लागल्यास पशुवैद्यही आजारी पडतो. म्हणूनच अशा जंतूंसाठी १९८९ चे नियम आहेत. त्यांचे काटेकोर पालन झालेच पाहिजे. परंतु धोक्यावरचा उपाय शिस्त हा आहे, अज्ञान नव्हे.

तेव्हा बंधूंनो, पुढच्या वसुबारसेपूर्वी आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन एवढेच विचारा : आमच्या किती कालवडींना लस टोचली? उत्तर समाधानकारक नसेल, तर आपली गोभक्ती अद्याप आरतीपुरतीच आहे, असे समजावे.